आधी पुस्तक हातात, मग प्रकाशनाची तारीख : खान्देशातल्या लेखकासाठी छपाईपासून विक्रीपर्यंतचा क्रम

जळगाव, धुळे, नंदुरबारकडे पहिलं पुस्तक काढणाऱ्या बहुतेकांचा क्रम उलटा असतो. आधी पाहुण्यांची तारीख मिळते, मग हॉल ठरतो, पत्रिका वाटल्या जातात, आणि पुस्तक अजून अक्षरजुळणी करणाऱ्याच्या कॉम्प्युटरवरच असतं. शेवटच्या आठवड्यात प्रूफ (चुका शोधण्यासाठी काढलेली कच्ची छापील पानं) रात्रीतून वाचलं जातं. आयएसबीएन, म्हणजे पुस्तकाची ओळख पटवणारा क्रमांक, आलेला नसतो म्हणून ती जागा कोरी राहते. कार्यक्रमाच्या सकाळी छपाईवाला पन्नास प्रती कशाबशा बांधून आणतो. सत्कार झकास होतो आणि उरलेल्या साडेचारशे प्रती पलंगाखाली जातात.

पुढचे टप्पे दिलेल्या क्रमानेच घ्या. पूर्ण लिहून झालेल्या संहितेपासून हातात सहा महिने धरा. त्याहून कमी वेळ असेल तर कार्यक्रम पुढे ढकला, टप्पे गाळू नका.

१. संहिता पक्की करा

सगळा मजकूर एकाच फाइलमध्ये, युनिकोडमध्ये (मोबाइल-कॉम्प्युटरवर सगळीकडे सारखं दिसणारं टायपिंग) आणि एकाच क्रमाने लावून ठेवा. व्हॉट्सअ‍ॅपवर टाकलेल्या कविता, दिवाळी अंकाची कात्रणं, वहीतली पानं असा गठ्ठा अक्षरजुळणीवाल्याकडे दिलात, तर तो लावेल तोच तुमच्या पुस्तकाचा क्रम होईल.

अहिराणी, तावडी किंवा लेवा बोलीतलं लेखन असेल तर शब्दांची यादी आधी करा. बोलीला सर्वमान्य लेखननियम नाहीत. त्यामुळे एका पानावर 'ऱ्हायना', पुढच्या पानावर 'राह्यना' असं सर्रास होतं. तुम्ही कोणतं रूप घेता याला महत्त्व नाही. घेतलेलं रूप शेवटच्या पानापर्यंत टिकायला हवं. ही यादी दोन प्रतींत काढा, एक स्वतःजवळ, एक प्रूफ वाचणाऱ्याजवळ. शेवटी अवघड शब्दांचे अर्थ द्यायचे असतील तर त्याचाही कच्चा माल इथेच तयार होतो.

दुसऱ्याच्या ओळी, फोटो, चित्रं वापरली असतील तर परवानगी आत्ताच मागा. भारतात लेखकाच्या हयातीनंतर ६० वर्षं कॉपीराइट राहतो. बालकवी किंवा साने गुरुजींनी हयातीत छापलेल्या लेखनातल्या ओळी तुम्ही घेऊ शकता. एखाद्या चित्रपटगीताचं कडवं प्रकरणाच्या सुरुवातीला टाकणं मात्र अंगाशी येऊ शकतं. कानबाईची, आखाजीची (अक्षय्य तृतीयेची) गाणी परंपरेची आहेत, पण कुणी फिरून गोळा केलेल्या संग्रहातून जशीच्या तशी उचलत असाल तर त्या संग्राहकाला विचारा. ज्या बाईने गाणं सांगितलं तिचं आणि तिच्या गावाचं नाव तिला विचारून छापा. एवढं साधं सौजन्यही फार थोड्या पुस्तकांत दिसतं.

प्रस्तावनेचं काय? मोठ्या नावाच्या प्रस्तावनेसाठी आठ-आठ महिने अडकलेली पुस्तकं या भागात कमी नाहीत. मागायची असेल तर प्रूफ नव्हे, पक्की संहिता पाठवा, मुदत सांगा आणि ती टळली तर पुस्तक प्रस्तावनेविना काढा. वाचक प्रस्तावना पाहून पुस्तक विकत घेत नाही.

तपासा: फाइल उघडून कोणतंही पान मोठ्याने वाचा. जिथे जीभ अडखळते तिथे खूण करा. असं दहा पानांवर झालं तर संहिता अजून पक्की नाही.

२. रस्ता निवडा

तीनच रस्ते आहेत.

पहिला, प्रकाशक स्वतःच्या खर्चाने काढतो आणि तुम्हाला मानधन देतो. ते बहुधा छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास असतं. त्या प्रकाशकाची यादी न पाहता पुस्तक पाठवू नका. फक्त स्पर्धा परीक्षांची पुस्तकं काढणाऱ्याला कवितासंग्रह पाठवून उत्तराची वाट पाहत बसणारे भेटतात. सोबत एक पानी पत्र, अनुक्रमणिका आणि दोन प्रकरणं पुरेत.

दुसरा, शासनाचं अनुदान. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखकांच्या पहिल्या पुस्तकासाठी योजना आहे. हस्तलिखित मागवल्याचं आवाहन वर्तमानपत्रांत आणि मंडळाच्या संकेतस्थळावर येतं, तिकडे लक्ष ठेवा. आधी पुस्तक छापून मग अनुदान मागायला गेलात तर दार बंद. ही योजना हस्तलिखितासाठी आहे.

तिसरा, पदरचे पैसे. यातही दोन प्रकार. एकात तुम्हीच प्रकाशक होता, दुसऱ्यात प्रकाशक तुमच्याकडून पैसे घेऊन स्वतःच्या नावाने काढतो. दुसरा प्रकार वाईटच असतो असं नाही, पण फसगत बहुतेक इथेच होते. पैसे देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी घ्या: किती प्रती छापणार, त्यातल्या किती तुमच्या हातात, कागद आणि बांधणी कोणती, विक्रीचा हिशोब कधी. 'हजार प्रती काढू' असं तोंडी सांगून दोनशे छापल्या तर तुम्हाला कळायला मार्ग नाही. म्हणून छापखान्याच्या बिलाची प्रत मिळेल, ही अटही घाला.

३. करारावर सही करण्याआधी

कॉपीराइट लिहिल्याक्षणी तुमचा होतो, नोंदणी सक्तीची नाही. हवी असेल तर ऑनलाइन अर्ज होतो, पण तिच्यासाठी पुस्तक थांबवू नका. खरी काळजी हक्क देताना घ्यायची. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच होतं. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. आणि वेगळं काही ठरलेलं नसेल, तर घेतलेला हक्क प्रकाशकाने एका वर्षात वापरला नाही तर तो तुमच्याकडे परत येतो. हे मुद्दे डोक्यात ठेवूनच 'सर्व हक्क कायमस्वरूपी' हे वाक्य वाचा.

छापील आवृत्ती, ई-पुस्तक, ऑडिओ, अनुवाद, नाटक-चित्रपट यांना पाच वेगळ्या ओळी हव्यात. छापील आवृत्तीचा हक्क द्या, बाकीचे मागितल्याशिवाय देऊ नका. पुस्तक संपल्यावर ठरावीक काळात पुन्हा छापलं नाही तर हक्क परत, अशी ओळ मागून घ्या. प्रकाशक नात्यातला असला, 'भाऊ, आपल्यात कशाला कागद' म्हणाला, तरी कागद करा. नातं टिकवायचं असेल तर जास्तच करा.

४. आयएसबीएन आणि श्रेयनामावली

भारतात आयएसबीएन देण्याचं काम राजा राममोहन रॉय राष्ट्रीय संस्था करते. अर्ज ऑनलाइन, शुल्क काही नाही. लेखक स्वतःही अर्ज करू शकतो. तरी 'आयएसबीएन काढून देतो' म्हणून पैसे उकळणारे आहेतच. मंजुरीला वेळ लागतो, कागदात चूक असेल तर अर्ज परत येतो. म्हणून शीर्षक पक्कं झालं की त्याच आठवड्यात अर्ज टाका. ओळखपत्रावरचं नाव आणि मुखपृष्ठावरचं नाव वेगळं असेल (आपल्याकडे आप्पा, नाना, बापू या नावांनीच लिहिणारे बरेच), तर अर्जात दोन्हींचा उल्लेख करा.

साधी बांधणी, पुठ्ठाबांधणी आणि ई-पुस्तक यांना वेगवेगळे क्रमांक लागतात. जुन्या पुस्तकाचा क्रमांक नव्यावर चालत नाही. मित्राच्या संस्थेच्या नावावरचा क्रमांक घेतलात तर नोंदीत प्रकाशक तोच दिसतो, तुम्ही नाही.

थांबा: आयएसबीएन म्हणजे कॉपीराइटचा पुरावा नव्हे, दर्जाचं प्रमाणपत्रही नव्हे. पुस्तकाची ओळख पटवणारा तो एक क्रमांक आहे, इतकंच.

श्रेयनामावलीच्या पानावर शीर्षक, लेखक, प्रकाशकाचं नाव-पत्ता, मुद्रक, अक्षरजुळणी, मुखपृष्ठ, आयएसबीएन, किंमत आणि आवृत्तीची तारीख. तारीख पूर्ण छापा. राज्य वाङ्मय पुरस्कारासाठी त्या कॅलेंडर वर्षात प्रसिद्ध झालेली पहिली आवृत्ती धरली जाते. डिसेंबरच्या शेवटी पुस्तक आलं तर त्याच वर्षाच्या स्पर्धेत उतरावं लागतं आणि अर्जाची धावपळ होते. जानेवारीची तारीख घातली तर पूर्ण वर्ष हातात राहतं. पुस्तक डिसेंबरात तयार होत असेल तर तारखेचा निर्णय जाणूनबुजून घ्या.

५. अक्षरजुळणी आणि प्रूफ

सगळ्यात जास्त पुस्तकं इथेच बिघडतात, म्हणून इथे थोडं सावकाश.

आपल्याकडच्या बऱ्याच अक्षरजुळणीवाल्यांचं काम अजून जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये चालतं. तुमची युनिकोड फाइल ते कन्व्हर्टरमधून काढतात आणि तिथे अक्षरं फुटतात. अहिराणीत 'ऱ्ह' पावलोपावली येतो. रूपांतरात त्याचा डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा 'र' जाऊन डोक्यावर रफार बसतो आणि 'करी ऱ्हायना'चं 'करी र्हायना' होतं. मुद्रितशोधक (प्रूफ तपासणारा) पुण्याचा असेल तर त्याला हे रूप बोलीचंच वाटतं आणि तो सोडून देतो. 'ऱ्य', 'ॲ', 'ङ्म' यांचंही तेच. काम सुरू होण्याआधी याच अक्षरांनी भरलेलं एक पान द्या, त्याची पीडीएफ मागवा आणि कागदावर छापून पाहा. जमत नसेल तर युनिकोडमध्ये काम करणारा शोधा. सध्याच्या मांडणी सॉफ्टवेअरमध्ये देवनागरीसाठी वेगळी सेटिंग असते. ती लावली नाही तर वेलांट्या आणि जोडाक्षरं विस्कटतात, ही तक्रार ऐकली की कारण बहुधा हेच.

प्रूफं तीनदा, पण दर वेळी काम वेगळं:

पहिलं प्रूफ मूळ संहितेशी ओळ न् ओळ ताडून. एकाने वाचायचं, दुसऱ्याने पाहायचं. गाळलेली ओळ, दोनदा आलेला परिच्छेद याच वेळी सापडतो. वाचणारा घरातला शाळकरी मुलगा असला तरी चालेल, उलट तो जे लिहिलंय तेच वाचतो.

दुसरं प्रूफ शुद्धलेखनाचं. हे तुम्ही करू नका. स्वतःच्या मजकुरात चूक दिसत नाही, मनातलंच वाचलं जातं. बाहेरच्या मुद्रितशोधकाला पैसे मोजा. पानाच्या दराने होणारं हे काम संपूर्ण खर्चात लहान असतं आणि नेमकं तेच वाचवलं जातं.

तिसरं प्रूफ फक्त दुरुस्त्यांचं आणि बाहेरच्या गोष्टींचं: पानक्रमांक, अनुक्रमणिका, प्रकरणांची नावं, पानाच्या माथ्यावरच्या ओळी, मुखपृष्ठ आणि पाठपृष्ठ. एक शब्द दुरुस्त केला की पुढची ओळ सरकते आणि अनुक्रमणिकेतले आकडे खोटे ठरतात. म्हणून अनुक्रमणिका सगळ्यात शेवटी.

तपासा: दुरुस्त्या फोनवर सांगू नका. कागदावर लाल पेनाने करा, तारीख घाला, त्याचा फोटो ठेवा. अंतिम पीडीएफवर सही करून 'छपाईस योग्य' असं लिहून द्या आणि त्यानंतर एकही शब्द बदलू नका.

६. छपाई

पुस्तक फर्म्यात मोजतात. फर्मा म्हणजे एका मोठ्या कागदावर एकत्र छापून घडी घातलेली पानं. डेमी आकारात एक फर्मा १६ पानांचा. तुमची पानं १६५ झाली तर अकरा फर्मे, म्हणजे १७६ पानांचा कागद लागतो. अर्धा फर्मा चालवणारा छापखाना असेल तर १६८ मध्ये बसतं. पाच पानांची काटछाट करून १६० वर आणलं तर थेट पैसे वाचतात. हे गणित प्रूफच्या वेळीच करा.

आतला कागद ७० जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) मॅपलिथो, म्हणजे पुस्तकांचा नेहमीचा बिनचकाकीचा कागद, शक्यतो किंचित पिवळसर छटेचा. मुखपृष्ठाला ३०० जीएसएमचं आर्ट कार्ड, त्यावर मॅट लॅमिनेशन. बांधणी जाड पुस्तकाला शिलाईची घ्या. नुसत्या डिंकाच्या बांधणीची पानं आपल्याकडच्या एप्रिल-मेच्या उन्हात, त्यातून गाडीच्या डिकीत राहिली तर, हातात येतात. ग्रंथालयाला द्यायची प्रत तर शिवलेलीच हवी, ती शंभर हातांतून जाणार असते.

प्रती किती? तीनशेच्या आत डिजिटल छपाई परवडते. पाचशेच्या पुढे ऑफसेटमध्ये दर प्रत स्वस्त पडते, आणि तिथेच मोह होतो: 'अजून पाचशे काढल्या तर फक्त एवढेच जास्त.' पहिल्या पुस्तकाच्या हजार प्रती काढू नका. विकल्या गेल्या तर पुन्हा छापता येतं, पीडीएफ तुमच्याकडेच आहे. ती पीडीएफ आणि मुखपृष्ठाची मूळ फाइल बिल चुकवण्याआधी पेनड्राइव्हवर घ्या. नंतर मागितली की 'कॉम्प्युटर फॉरमॅट झाला' हे उत्तर ठरलेलं.

थांबा: सगळा माल छापण्याआधी एक नमुना प्रत बांधून घ्या. मधोमध उघडून टेबलावर सपाट दाबा. कण्याकडची अक्षरं आत गडप होत असतील तर आतला समास वाढवायला सांगा. पाठपृष्ठावरचा बारकोड मोबाइलने स्कॅन करून पाहा.

७. किंमत

समजा ५०० प्रतींची छपाई ४०,००० रुपये आणि अक्षरजुळणी, मुद्रितशोधन, मुखपृष्ठ मिळून १५,०००. एकूण ५५,०००, म्हणजे प्रतीला ११०. आता त्यातल्या साठ प्रती भेट, अभिप्राय, पुरस्कार यांत जाणारच. उरल्या ४४०, म्हणजे विकायच्या प्रतीला खर्च १२५. किंमत २०० ठेवली आणि विक्रेत्याने ४० टक्के घेतले, तर हातात १२०. प्रत्येक प्रतीमागे पाच रुपये घरातून. किंमत २५० ठेवली तर विक्रेत्याकडून १५०, आणि थेट विक्रीत २० टक्के सूट देऊन २०० मिळतात.

'आपला खान्देशी वाचक एवढे देत नाही' म्हणून किंमत पाडू नका. देणारा अडीचशेही देतो, न देणाऱ्याला पन्नासचं पुस्तकही फुकटच हवं असतं.

८. विक्रीची जुळणी समारंभाआधी

दुकानदार नव्या लेखकाचं पुस्तक रोखीने घेत नाही, जांगड ठेवतो. विकलं तर पैसे, नाही तर परत. जांगड देताना दोन प्रतींत पावती करा: तारीख, प्रतींची संख्या, सवलत, हिशोबाचा महिना. एका दुकानात पाच-दहा प्रतीच ठेवा. जळगावला पन्नास प्रती एका ठिकाणी ठेवण्यापेक्षा जळगाव, भुसावळ, अमळनेर, चाळीसगाव, धुळे, शहादा अशा वाटल्या तर तुमची दोन महिन्यांनी एक चक्करही सत्कारणी लागते.

सार्वजनिक ग्रंथालयं हा या भागातला खरा ग्राहक. शासनमान्य ग्रंथालयं अ, ब, क, ड अशा वर्गांत आहेत आणि त्यांना अनुदानातून पुस्तकं घ्यावी लागतात. त्यांच्याकडे मार्चच्या शेवटी नको, जानेवारी-फेब्रुवारीत जा. सोबत एक प्रत, दरपत्रक आणि कोरं बिलबुक. बिलावर आयएसबीएन, प्रकाशक, किंमत, सवलत स्वच्छ हवी. कच्च्या चिठ्ठीवर ग्रंथपाल पुस्तक घेऊच शकत नाही, त्याला ते लेखापरीक्षणात दाखवावं लागतं. जिल्हा ग्रंथालय अधिकारी कार्यालयातून तालुकावार यादी मागा आणि दर जिल्ह्यात भरणाऱ्या ग्रंथोत्सवात टेबल मिळतं का, तेही तिथेच विचारा.

ई-पुस्तक अ‍ॅमेझॉनच्या किंडलवर मराठीत काढता येतं. तिथल्या सिलेक्ट योजनेत नाव घातलंत तर ९० दिवस ते ई-पुस्तक दुसरीकडे कुठेच देता येत नाही, अगदी स्वतःच्या व्हॉट्सअ‍ॅप गटावरही पीडीएफ नाही.

९. आता तारीख

प्रती घरात आल्या, दहा प्रती उलटून पाहिल्या, दुकानांत पोचल्या. आता हॉल ठरवा. कापूस वेचणीचे दिवस, लग्नाची दाट तिथी, आखाजीचा आठवडा आणि मेचं ऊन टाळा. १४ ते २८ जानेवारीचा मराठी भाषा पंधरवडा, २७ फेब्रुवारीचा मराठी भाषा गौरव दिन किंवा १५ ऑक्टोबरचा वाचन प्रेरणा दिन पाहा. त्या दिवसांत शाळा-कॉलेजांना कार्यक्रम करायचाच असतो, सभागृह आणि श्रोते दोन्ही त्यांचेच मिळतात.

मंचावर चार माणसं पुरेत. अध्यक्ष, प्रमुख पाहुणे, विशेष अतिथी, स्वागताध्यक्ष, त्यांचे सत्कार आणि सत्काराला उत्तर यात दोन तास जातात, पुस्तकातलं एक पानही वाचलं जात नाही. वीस मिनिटं वाचनाला राखा आणि ते सुरुवातीलाच घ्या. शाल-श्रीफळाच्या पैशात विक्रीचं टेबल, सुट्टे पैसे आणि यूपीआयचा क्यूआर कोड येतो. टेबल दाराशी लावा आणि तिथे नात्याबाहेरचा माणूस बसवा. नातेवाइकाला पैसे मागायला जड जातं आणि काका-मामा 'आपलंच पुस्तक' म्हणून पिशवीत टाकतात.

वर्तमानपत्राची बातमी आदल्या दिवशी लिहून ठेवा. दोनशे शब्द, पुस्तकाचं पूर्ण नाव, किंमत, मिळण्याचं ठिकाण, फोटोखाली डावीकडून नावं. कार्यक्रमानंतर तासाभरात पाठवा. पाहुण्यांच्या नावांत पुस्तकाचं नाव हरवलेली बातमी पुस्तकाच्या काही कामाची नाही.

१०. पहिले तीन महिने

तुम्ही स्वतः प्रकाशक असाल तर १९५४ च्या ग्रंथप्रदान कायद्याप्रमाणे प्रकाशनापासून ३० दिवसांत स्वखर्चाने प्रती पाठवायच्या असतात: कोलकात्याचं राष्ट्रीय ग्रंथालय, मुंबईच्या टाऊन हॉलमधलं मध्यवर्ती ग्रंथालय, चेन्नईचं कोन्नेमारा आणि दिल्ली पब्लिक लायब्ररी. पोचपावत्या जपून ठेवा.

राज्य वाङ्मय पुरस्कारात पहिल्या पुस्तकांसाठी वेगळे गट आहेत, त्यातला कवितेचा तर बहिणाबाई चौधरींच्या नावाचा. प्रवेश अर्जाची जाहिरात निघाली की प्रती आणि अर्ज एकत्र पाठवा. प्रवेश शुल्क मागणाऱ्या, शंभर जणांना एकाच दिवशी 'राज्यस्तरीय' पुरस्कार देणाऱ्या संस्थांचे फोन याच काळात येतात. पुस्तक निघालं की तुमचा नंबर त्यांच्याकडे कसा पोचतो, हे एक कोडंच आहे.

अभिप्रायाची प्रत मागितल्याशिवाय पाठवू नका. आधी फोन किंवा निरोप, होकार आला की प्रत, महिन्याने एकदाच आठवण. पोस्टाने पाठवताना ग्रंथांसाठीच्या ज्ञान पोस्टचा दर विचारा. आत खासगी पत्र टाकू नका.

व्हॉट्सअ‍ॅपवर रोज मुखपृष्ठ टाकलं तर लोक गट म्यूट करतात. आठवड्याला एकदा, पुस्तकातला आठ-दहा ओळींचा एखादा तुकडा आणि शेवटी किंमत-नंबर, एवढंच. अहिराणी असेल तर तुमच्या आवाजातली मिनिटभराची ध्वनिफीत. सुरत, पुणे, नाशिकला गेलेली आपली माणसं ती पुढे पाठवतात, मजकूर पाठवत नाहीत.

एका वहीत प्रत्येक प्रतीची नोंद ठेवा: विकली, जांगड, भेट, परत, खराब. पन्नास प्रती उरल्या की पुनर्मुद्रणाचा विचार करा. फक्त मुद्रणदोष दुरुस्त करून तेच पुस्तक पुन्हा काढणार असाल तर आयएसबीएन तोच चालतो. प्रकरणं वाढवली, मजकूर बदलला तर ती नवी आवृत्ती, तिला नवा क्रमांक लागेल. त्याचा अर्ज उरलेल्या प्रती संपायच्या आत टाका.